कुरणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक

‘अंगणवाडी’ हा शब्द आज जळगाव-धुळ्याच्या गावागावांत, सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवर घरोघरी परिचित आहे. परंतु हा शब्द ज्यांच्या कार्यातून रूढ झाला, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र मात्र नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. त्या काळात स्त्रियांना दुर्मीळ असलेली पदवी त्यांनी १९१४ मध्ये संपादन केली. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. मात्र तो संसार टिकला नाही. पुढे राजकोट येथील स्त्री अध्यापिकांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. मानाचे हे पद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

त्या बालमंदिरामागे डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांचा विचार होता. कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या या इटालियन विदुषीने १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. मूल स्वतःच शिकत असते, योग्य साधने हाताशी ठेवली आणि मोकळीक दिली की ते आपले काम आपणच निवडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ताराबाईंना हा विचार मनापासून पटला. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले.

तथापि एक प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. मॉन्टेसोरींची साधने महाग होती. मग हे मुक्त शिक्षण केवळ सुखवस्तू मुलांसाठीच होते काय? उत्तर शोधण्यासाठी १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या खेड्यात गेल्या. अनुताई वाघ ही तरुण शिक्षिका तेथे त्यांची सहकारी झाली. बालमंदिर उघडले, पण दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालमंदिरच वस्तीच्या अंगणात नेले. परदेशी ठोकळ्यांची जागा बिया, पाने, खडे आणि समुद्रकिनाऱ्यावरील शिंपल्यांनी घेतली. बियांची प्रतवारी लावता लावता मूल लहान-मोठे ओळखू लागे, शिंपले मोजता मोजता अंक शिके. शिक्षिकेने फार बोलायचे नाही, पाहायचे. मूल अडले तरच हात द्यायचा.

खरी कसोटी पुढेच होती. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या प्रदेशात हलले. येथील मुलांच्या गैरहजेरीचे कारण आळस नव्हे, तर पोट होते. मोठी मुले गुरे राखत, त्याहून लहान मुले धाकट्या भावंडांना सांभाळत. मुलाला शाळेत धाडायचे तर घरातले एक काम अडणार, आणि हा भार आईबापांना परवडणारा नव्हता. ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. त्यांनी शाळेची रचनाच बदलली. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर, शेजारी बालवाडी व प्राथमिक शाळा, अशी ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. गुरे चरत असताना झाडाखाली खेळ, गाणी, अक्षरे व आकडे चालत. हीच ‘कुरणशाळा’.

ज्या मुलाला झाडे, पाखरे, ऋतू आणि जनावरे यांचे ज्ञान अगोदरच आहे, त्याला अडाणी म्हणता येत नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले. मुलाच्या ठायी असलेल्या ज्ञानाचा मान राखला की अक्षरांची वाट सोपी होते.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. योगायोग असा की, मॉन्टेसोरींचा जन्मदिनही तोच. अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरच्या दिवसापर्यंत, हा वसा चालवला. १९७५ मध्ये केंद्र शासनाच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ देशभर नेली.

खानदेशातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे निघतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात. हजेरीपटावर अशा मुलाच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते, तेव्हा ताराबाईंचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. मूल शाळेत का येत नाही, एवढेच विचारून भागत नाही. शाळा त्या मुलापर्यंत का पोहोचली नाही, हेही विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर मोठ्यांनीच द्यायचे असते.