जोतीराव फुले आणि 'तृतीय रत्न'

पहिल्या लेखनाला प्रकाशक न मिळणे ही बहुतेक लेखकांच्या चरित्रातील किरकोळ घटना असते. महात्मा जोतीराव फुले यांच्या बाबतीत मात्र या घटनेचा परिणाम मराठी नाट्येतिहासाच्या मांडणीपर्यंत पोहोचला.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात झाला. स्कॉटिश मिशनच्या शाळेतील त्यांचे शिक्षण १८४७ मध्ये संपले. पुढील वर्षी ते अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) गेले. त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे तेथे नोकरीस होते. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८३९ पासून नगरला राहून मुलींच्या शिक्षणाचे कार्य करीत होत्या. त्यांची शाळा पाहून परतल्यावर १८४८ मध्येच जोतीरावांनी पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. नगरभेटीची नोंद चरित्रकार स्त्रीशिक्षणाच्या संदर्भात घेतात. परंतु लेखक जोतीरावांच्या घडणीतही तिचे स्थान मानावयास हवे. विद्येने शूद्रातिशूद्रांना नवी दृष्टी लाभते, हा त्यांच्या पहिल्या कृतीचा आशय या अनुभवातूनच पुढे आलेला आहे.

ही कृती म्हणजे १८५५ साली लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक. एका गरोदर कुणबी स्त्रीला व तिच्या नवऱ्याला ग्रहदशेचे भय घालून जोशी लुबाडतो. एक पाद्री त्यांच्या मनातील भ्रम दूर करतो. विदूषक अधूनमधून प्रसंगावर भाष्य करतो आणि अखेरीस हे जोडपे शिकावयास निघते. रचना सैल आहे, संवाद कोठे कोठे व्याख्यानाच्या वळणावर जातात, हे मान्य केले पाहिजे. तथापि कुणब्याच्या घरातील बोली आणि तेथील व्यवहार इतक्या थेटपणे रंगभूमीसाठी लिहिण्याचा प्रयत्न तोवर मराठीत झालेला नव्हता. विष्णुदास भावे यांची नाटके पौराणिक होती.

नव्या ग्रंथकारास त्या काळी दक्षिणा प्राइज कमिटीचा मोठा आधार असे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांस मिळणाऱ्या दक्षिणेच्या निधीतील काही भाग इंग्रजी अमदानीत मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळविण्यात आला होता. जोतीरावांनी आपले नाटक या कमिटीकडे पाठविले. ते काही अपरिचित इसम नव्हते. तीनच वर्षांपूर्वी, १८५२ मध्ये, सरकारने विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा सत्कार केला होता. तरीही नाटक नाकारले गेले. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी हकीकत जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त दिली आहे. ही फिर्यादीची बाजू आहे खरी. परंतु ज्या वर्गाच्या दक्षिणेतून हा निधी उभा राहिला, त्याच वर्गावर नाटकाचा रोख होता, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही.

याच १८५५ साली जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले होते. विद्यार्थिनीचा निबंध छापला गेला आणि शिक्षकाचे नाटक दप्तरात राहिले, हा योगायोग अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे.

जोतीरावांनी नाटक बाजूला ठेवले आणि पुन्हा नाट्यलेखन केले नाही. १८६९ मध्ये 'ब्राह्मणांचे कसब' व शिवाजीराजांचा पवाडा प्रसिद्ध झाला. यांपैकी 'कसब' त्यांनी स्वखर्चाने छापविले. शेती व कंत्राटदारी यांमुळे त्यांना हे शक्य झाले, ही बाब त्यांच्या वाङ्मयविचारात सहसा येत नाही. अनुभव मात्र पालटला नाही. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा त्याची प्रारंभीची प्रकरणे छापून 'दीनबंधू'ने पुढील मजकूर थांबविला. तो अंकुश आपल्याच चळवळीतील पत्राचा होता. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले, ते त्यांनी नाकारले. या नकाराची मीमांसा करताना तीस वर्षांपूर्वीच्या त्या दुसऱ्या नकाराचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिलेले 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' छापून झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले आणि पुस्तक १८९१ मध्ये निघाले.

'तृतीय रत्न' १९७९ साली 'पुरोगामी सत्यशोधक'मधून मुद्रित झाले. मधल्या १२४ वर्षांत विनायक जनार्दन कीर्तने यांच्या १८६१ च्या 'थोरले माधवराव पेशवे' या नाटकास पहिल्या स्वतंत्र गद्य नाटकाचा मान मिळून तो अभ्यासक्रमांतून रूढही झाला होता.