घोकंपट्टीचा हिशेब मांडणारा माणूस

परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास आठवडाभरात कुठे जातो, हे मोजून पाहण्याचा ध्यास हर्मान एबिंगहाउस यांनी घेतला. त्यांचा जन्म १८५० साली जर्मनीतील बार्मेन येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवल्यावर काही वर्षे ते इंग्लंड-फ्रान्समध्ये शिकवण्या करत राहिले. त्याच काळात जुन्या पुस्तकांच्या दुकानात संवेदनांच्या मोजमापावरचे फेकनर यांचे पुस्तक त्यांच्या हाती लागले. संवेदना मोजता येतात, तर स्मरण का नाही, या विचाराने मग त्यांची पाठ सोडली नाही.

हाताशी ना प्रयोगशाळा होती, ना सहकारी. १८७९ मध्ये त्यांनी स्वतःवरच प्रयोग सुरू केले. ओळखीचे शब्द चटकन लक्षात राहतात, म्हणून त्यांनी सुमारे २,३०० निरर्थक शब्द बनवले. त्यांची माळ करून ती घड्याळाच्या टिकटिकीवर, एकाच लयीत, न चुकता म्हणता येईपर्यंत घोकायची. ठरावीक काळाने तीच पुन्हा पाठ करायची आणि या खेपेला किती वेळ कमी लागला ते मांडायचे. कमी लागलेला वेळ म्हणजे शिल्लक राहिलेली आठवण. ही बचत वीस मिनिटांनंतर ५८ टक्के, तासाने ४४, दिवसाने ३४ आणि महिन्याने २१ टक्के भरली. विसरण्याचा वेग आधी झपाट्याचा असतो, मग मंदावतो.

हे आकडे आजही कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत सर्वांना लागू असल्यासारखे दाखवले जातात. ते बरोबर नाही. एका माणसाने निरर्थक शब्द पाठ करून काढलेले आकडे आहेत ते. बायरनच्या कवितेची कडवी पाठ करायला त्यांना स्वतःलाच सुमारे एक दशांश श्रम पुरले होते.

त्यांचा खरा मोलाचा आकडा वेगळाच आहे. बारा शब्दांची माळ एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जेवढी तयारी होई, तेवढीच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांत होई. जवळजवळ निम्मी मेहनत! याचे कारण त्यांना कळणे शक्य नव्हते. मेंदूपेशींच्या जोडाला ‘सिनॅप्स’ हे नावच १८९७ मध्ये मिळाले. पुढे एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर दाखवून दिले, की टिकाऊ आठवणीसाठी पेशींत नवी प्रथिने तयार व्हावी लागतात आणि अंतराअंतराने दिलेले धडेच ते घडवून आणतात. झोपेतही आठवणी पक्क्या होतात. जागरणाने नेमके तेच हुकते.

प्रयोगांची दुसरी फेरी पुरी करून एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये पुस्तक छापले. बर्लिन विद्यापीठात मात्र बढती मिळाली नाही. १८९४ मध्ये ते ब्रेस्लाऊला गेले. तिथल्या शाळांतले सकाळचे सलग पाच तास मुलांना थकवतात का, हे तपासायला त्यांनी उताऱ्यातले शब्द गाळून मुलांना ते भरायला लावले. ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रकाराला मानसशास्त्रीय चाचणीत स्थान मिळाले ते असे.

१९०९ मध्ये न्यूमोनियाने, ५९व्या वर्षी, हॅले येथे त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला. पुन्हा एकाच माणसाने सत्तर तास निरर्थक शब्द घोकले आणि विसरण्याचा आलेख जवळपास तसाच आला.