कारंज्याचा नरहरी

वऱ्हाडातील कारंजे हे फार जुने गाव आहे. त्याला लाडाचे कारंजे असेही म्हणतात. कापसाच्या पेठेमुळे आणि प्राचीन जैन मंदिरांमुळे त्याचे नाव दूरवर पोचलेले आहे. पूर्वी हे गाव अकोला जिल्ह्यात मोडत असे. 1998 मध्ये वाशीम जिल्हा स्वतंत्र झाला आणि तेव्हापासून कारंजे त्या जिल्ह्यात आले. ह्याच गावी इ. स. 1378 च्या सुमारास एका सत्पुरुषाचा जन्म झाला, असे मानतात. पुढे नृसिंहसरस्वती ह्या नावाने ते महाराष्ट्रात आणि कर्नाटकात विख्यात झाले. औदुंबर, नरसोबाची वाडी आणि गाणगापूर ही आजची तीर्थक्षेत्रे त्यांच्याच वास्तव्यामुळे प्रसिद्धीस आली.

त्यांचे चरित्र आपल्याला गुरुचरित्र ह्या ओवीबद्ध ग्रंथातून कळते. हा ग्रंथ सरस्वती गंगाधर ह्यांनी लिहिला. त्यात भाविकांच्या श्रद्धेचे चमत्कार पुष्कळ आहेत. ते ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावे. परंतु त्या कथांमध्ये माणसाच्या मनाचे जे चित्र आहे, ते मात्र आजही जसेच्या तसे खरे वाटते.

तो काळ भयाचा होता. दक्षिणेत बहमनी राज्याची स्थापना होऊन पुरती चाळीस वर्षेही झाली नव्हती. पुढे 1396 मध्ये दुर्गादेवीचा म्हणून कुप्रसिद्ध असलेला भीषण दुष्काळ पडला. उद्याचा दिवस कसा उगवेल ह्याची कोणालाच खात्री नव्हती. अशा वेळी मन दोरीला साप समजते. जे संकट आलेले नाही, तेही त्याला दाराशी उभे असलेले दिसते.

कारंज्यात माधव नावाचे एक धर्मशील ब्राह्मण राहत असत. त्यांच्या पत्नीचे नाव अंबा. ह्या दांपत्याच्या पोटी एक देखणा पुत्र जन्मला. त्याचे नाव नरहरी ठेवण्यात आले. जन्मताच त्याने ओंकाराचा उच्चार केला, असे गुरुचरित्रात सांगितले आहे. घरात आनंदीआनंद झाला; पण तो फार दिवस टिकला नाही. नरहरी एक वर्षाचा झाला, दोन वर्षांचा झाला, तीन वर्षांचा झाला. तरी ओंकारावाचून दुसरा शब्द त्याच्या तोंडून निघेना. सारे बोलणे त्याला कळत असे आणि सांगितलेले कामही तो करीत असे. पण बोलत मात्र नसे.

आईच्या मनाला घोर लागला. शेजारच्या मुलांची बडबड ऐकली की तिचे डोळे भरून येत. मुलगा मुका निघाला, आता त्याचे शिक्षण कसे होणार, आपल्या मागे त्याला कोण सांभाळणार, ह्या विचारांनी तिला रात्ररात्र झोप येत नसे. कोणी उपाय सांगितला की मातापिता तो करून पाहत. कोणी पिंपळाच्या पानावर जेवू घालावयास सांगितले, कोणी कुलदेवतेला साकडे घालावयास सांगितले. अशी सात वर्षे गेली. लोक हळहळत आणि लोकांची ती हळहळच आईला अधिक बोचत असे.

मुलगा मात्र प्रसन्न होता. आपली मुंज करा, म्हणजे आपण बोलू, असे त्याने खुणांनी आईवडिलांस समजावले. मुक्या मुलाची मुंज कशी लावावी, त्याला गायत्री मंत्र कसा म्हणता येईल, अशी चर्चा गावात सुरू झाली. काहींनी हे द्रव्य व्यर्थ चालले असेही म्हटले. तरीही माधवांनी मुहूर्त काढला. मांडव पडला, आप्तेष्ट जमले. मंत्रोपदेश झाला आणि माता भिक्षा घालण्यास पुढे आली. तिच्या पहिल्या भिक्षेला नरहरी ऋग्वेदाचा मंत्र म्हणू लागला. दुसऱ्या भिक्षेला त्याने यजुर्वेद म्हटला आणि तिसरीला सामवेद. मांडवातील लोक चित्रासारखे स्तब्ध झाले. ज्या मुखातून शब्दही निघणार नाही म्हणून सात वर्षे अश्रू गाळले गेले, त्या मुखातून स्वच्छ वेदवाणी बाहेर पडत होती. मुलाच्या मौनाचा अर्थ घरच्यांनी आपल्या भीतीप्रमाणे लावला होता. मौनाचा स्वतःचा अर्थ निराळाच होता.

एक चिंता मिटली, तोच दुसरी उभी राहिली. नरहरीने आईजवळ तीर्थयात्रेस जाण्याची आज्ञा मागितली. सात वर्षांनी ज्याचा बोल कानी पडला, तोच पुत्र घर सोडून निघालेला पाहून अंबेचा धीर सुटला. म्हातारपणी आपल्याला कोणाचा आधार, असे म्हणून ती आक्रोश करू लागली. नरहरीने तिची समजूत घातली. तिला आणखी मुले होतील आणि ती तिचा सांभाळ करतील, असे त्याने सांगितले. आईचा त्यावर विश्वास बसेना. तेव्हा तिला पुत्र होईपर्यंत घरी राहण्याचे त्याने कबूल केले. त्या अवधीत मोठमोठे विद्वान त्या बालकाजवळ शिकावयास येत असत. वर्षभराने अंबेला जुळे पुत्र झाले. ती बालके काही महिन्यांची झाल्यावर नरहरीने सर्वांचा निरोप घेतला. तीस वर्षांनी आपण पुन्हा भेटू, असे वचन त्याने मातेला दिले. गावच्या वेशीपर्यंत तिने त्याची सोबत केली आणि मग जड पावलांनी ती माघारी फिरली.

नरहरी काशीस गेला. तेथे कृष्णसरस्वती नावाच्या वृद्ध यतींकडून त्याने संन्यासदीक्षा घेतली आणि नृसिंहसरस्वती हे नाव धारण केले. त्यानंतर बदरीनारायणापासून गंगासागरापर्यंत त्यांनी पायी भ्रमण केले. अनेक शिष्य मिळविले. तीस वर्षे लोटली आणि दिलेल्या वचनाप्रमाणे ते कारंज्यास परत आले. मातापिता हयात होती. भाऊ मोठे होऊन संसाराला लागले होते. घर भरलेले होते. निरोपाच्या दिवशी अंबेला जे ओसाड म्हातारपण दिसले होते, ते कधी आलेच नाही.

कारंज्याहून स्वामी गोदावरीच्या तीराने निघाले. वाटेत वासर येथे त्यांना सायंदेव नावाचा गृहस्थ भेटला. त्याच सुमारास पोटशूळाने जर्जर झालेला एक मनुष्यही स्वामींपुढे आला. अन्न खाल्ले की त्याला असह्य वेदना होत. स्वामींनी सायंदेवास त्याला जेवू घालण्याची आज्ञा केली. सायंदेव घाबरला. ह्या अन्नाने काही विपरीत घडले, तर आपल्या माथी हत्येचे पाप येईल, असे त्याला वाटले. तरी त्याने आज्ञा पाळली. तो मनुष्य कित्येक दिवसांनी पोटभर जेवला आणि त्याची व्यथा कायमची गेली, असे ग्रंथकार सांगतात.

हा सायंदेव एका क्रूर अधिकाऱ्याच्या पदरी नोकरीस होता. अधिकाऱ्याने त्याला बोलावणे पाठविले होते. आज आपला अंत होणार, अशी त्याची खात्रीच झाली होती. ते भय त्याने स्वामींच्या कानावर घातले. स्वामींनी त्याला निर्भय मनाने जाण्यास सांगितले. तो परत येईपर्यंत आपण येथून हलणार नाही, असेही आश्वासन दिले. सायंदेव गेला. ज्याच्या हातून मृत्यू येणार असे त्याने मानले होते, त्या अधिकाऱ्याचेच मन पालटले. त्याने सायंदेवाला वस्त्रे देऊन सन्मानाने घरी पाठविले. स्वामी बोलल्याप्रमाणे नदीकाठी बसून होते.

पुढे स्वामींनी कृष्णाकाठी औदुंबर येथे एक चातुर्मास केला. नंतर कृष्णा आणि पंचगंगा ह्यांच्या संगमावर ते बारा वर्षे राहिले. तेच आजचे नरसोबाची वाडी होय. जवळच्या अमरापुरात एक अत्यंत गरीब कुटुंब होते. ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे, त्या दिवशी अंगणातील घेवड्याच्या शेंगांवर त्या घरची गुजराण होई. एके दिवशी स्वामी त्यांच्याकडे भिक्षेस गेले. त्यांना घेवड्याचीच भाजी वाढण्यात आली. भिक्षा झाल्यावर स्वामींनी तो वेल मुळापाशी तोडून टाकला आणि ते निघून गेले. घरातील बाई रडू लागली. ज्याचे अन्न खाल्ले त्याचाच आधार तोडला, म्हणून ती स्वामींना दोष देऊ लागली. पतीने मात्र तिला शांत केले आणि तो उरलेले मूळ उपटण्यासाठी जमीन खणू लागला. खणता खणता त्याला द्रव्याने भरलेला कुंभ लागला. वेल उभा असता, तर त्याच्याखाली काय आहे ह्याचा पत्ताही त्या घराला लागला नसता.

त्यानंतर स्वामी भीमा आणि अमरजा ह्यांच्या संगमाजवळ गाणगापुरास आले. आयुष्याची शेवटची वीसांहून अधिक वर्षे त्यांनी तेथे घालविली. त्या गावात एक ओस पडलेले घर होते. शेजारच्या पिंपळावर ब्रह्मराक्षस आहे, अशा भीतीने तिकडे कोणी फिरकत नसे. स्वामींनी राहण्यासाठी नेमके तेच घर पसंत केले. ब्रह्मराक्षसाला त्यांनी मुक्ती दिली, असे गुरुचरित्र सांगते. ज्या जागेकडे पाहण्यास लोक भीत होते, तेथे स्वामींचा मठ झाला आणि दूरदूरची माणसे तेथे येऊ लागली.

ह्याच गाणगापुरात एक कष्टाळू शेतकरी होता. स्वामी संगमावर जाताना तो रोज त्यांना नमस्कार करी. एकदा स्वामींनी त्याला हेतू विचारला. आपले पीक चांगले यावे, एवढेच त्याने मागितले. जोंधळा नुकताच कणसाला आला होता. आपण परत येईपर्यंत सगळे पीक कापून टाकावे, अशी स्वामींनी त्याला आज्ञा केली. सरकारचे देणे बुडणार नाही, अशी हमी गावच्या अधिकाऱ्यास देऊन त्याने विळा चालविला. बायकामुलांनी आडवे पडून विनवणी केली. गाव त्याला वेडा म्हणू लागले. काही दिवसांतच थंडीवारा सुटला, अवकाळी पाऊस झाला आणि साऱ्या शिवारातील उभी पिके नासली. त्याच पावसाने ह्या शेतकऱ्याच्या कापलेल्या ठोंबांना मात्र फुटवे फुटले. त्याच्या शेतात कधी नव्हे एवढे धान्य आले. त्यातून त्याने सरकारचे देणे फेडले.

सायंदेवही पुढे गाणगापुरास आला. एका रात्री स्वामी त्याला घेऊन संगमावर गेले. तेथे वादळ उठले, मुसळधार पाऊस कोसळू लागला. आपल्या अंगावरील वस्त्रे धरून सायंदेव स्वामींना वाऱ्यापावसापासून आडोसा करू लागला. थोड्या वेळाने स्वामींनी त्याला गावातून विस्तव आणावयास सांगितले आणि वाटेत उजवीडावीकडे पाहू नये, असे बजावले. सायंदेव काळोखात चाचपडत, विजेच्या उजेडात वाट शोधीत गावात पोचला आणि विस्तव घेऊन परत निघाला. एवढ्यात त्याच्या मनात कुतूहल जागे झाले. त्याने बाजूला वळून पाहिले, तो दोन्ही बाजूंनी दोन पाच फणांचे नाग त्याच्याबरोबर चालले होते. त्याची बोबडी वळली. रानातून तो जिवाच्या आकांताने पळत सुटला आणि स्वामींच्या पायांशी येऊन पडला. तेव्हा स्वामींनी त्याला सांगितले, की ते नाग त्याच्या रक्षणासाठीच पाठविलेले होते. सायंदेव आपल्या राखणदारांनाच भिऊन धावत होता.

इ. स. 1458 च्या सुमारास नृसिंहसरस्वती गाणगापुराहून श्रीशैल्यास गेले. तेथे फुलांच्या आसनावर बसून नदीच्या प्रवाहातून ते दृष्टीआड झाले, अशी भक्तांची श्रद्धा आहे. गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर हे ह्या सायंदेवाच्याच वंशातले. वासरच्या नदीकाठी ज्या गृहस्थाला आपला वंश आज संपला असे वाटले होते, त्याच्याच वंशजाने हा ग्रंथ रचिला.

मुलांनो, नृसिंहसरस्वतींनी जगातून संकटे नाहीशी केली नाहीत. त्यांच्या डोळ्यांदेखत दुष्काळ पडले, पिके बुडाली, माणसे आजारी पडली. खरे संकट आणि मनाने रंगविलेले संकट ह्यांत फार अंतर असते, एवढे त्यांनी माणसांना दाखवून दिले. ते अंतर पाहण्यासाठी सायंदेवाला अधिकाऱ्याच्या दाराशी जावे लागले, शेतकऱ्याला विळा हाती घ्यावा लागला आणि माधवांना मुक्या म्हणून गणलेल्या मुलाच्या मुंजीचा मांडव घालावा लागला. भीती त्यांच्याही मनात होती. ती तशीच बरोबर घेऊन ते पुढे गेले. कारंज्यास आज नृसिंहसरस्वतींचे गुरुमंदिर आहे आणि तेथे दूरदूरचे यात्रेकरू येतात. त्या ठिकाणी गेल्यावर स्वामींबरोबरच त्यांच्या आईचीही आठवण करावी. सात वर्षे ती रडली, तरी मुंजीच्या दिवशी भिक्षेचे पात्र हाती घेऊन ती मुलापुढे उभी राहिली होती.