गाडीच्या छतावरचा अँटेना आणि आर्मस्ट्राँग

मूलहून सावलीमार्गे गडचिरोलीला जाणाऱ्या नव्या गाड्यांच्या छतावर लांब काठीचा अँटेना आता क्वचित दिसतो. तिथे माशाच्या परासारखा लहानसा उंचवटा असतो. तो एवढा आखूड होण्यामागे ज्यांचे संशोधन आहे, त्या एडविन आर्मस्ट्राँग यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली.

१८९० मध्ये न्यूयॉर्कला जन्मलेल्या आर्मस्ट्राँग यांना लहानपणी संधिवाताचा ताप आला. त्यातून जडलेल्या विकाराने मान आणि खांदा झटकण्याची खोड जन्मभर राहिली. तरी मुलगा भलताच धीट. घराशेजारी अँटेनासाठी उभारलेल्या १२५ फुटी खांबावर तो स्वतः चढे.

१९१२ मध्ये, विद्यार्थी असतानाच, व्हॉल्व्हमधून बाहेर पडलेला संदेश पुन्हा त्याच व्हॉल्व्हला देऊन त्यांनी तो कित्येक पट वाढवला. आजच्या ‘ॲक्टिव्ह’ अँटेनालाही अशा वाढीचीच गरज असते. आखूड अँटेना लहरी कमी पकडतो, म्हणून त्याच्या बुडाशीच ॲम्प्लिफायर बसवतात. केबलमध्ये संदेश झिजण्याआधीच तो मोठा होतो. पण त्याबरोबर इंजिनातल्या ठिणग्यांची आणि आकाशातल्या विजांची खरखरही वाढते!

या खरखरीवरचा तोडगाही त्यांचाच. लहरीची उंची तशीच ठेवून वारंवारता बदलायची, म्हणजेच एफएम. खरखर मुख्यतः उंचीत ढवळाढवळ करते. रेडिओसंच ती उंची छाटून टाकतो. १९३३ मध्ये त्याची पेटंटे मिळाली.

१९४५ मध्ये अमेरिकी सरकारने एफएमचा पट्टा ४२-५० वरून ८८ मेगाहर्ट्‌झच्या वर हलवला. विकले गेलेले संच एका फटक्यात निरुपयोगी झाले. आर्मस्ट्राँग यांनी उभे केलेले सारे कोलमडले. गंमत अशी, की याच निर्णयाने लहरीची लांबी साडेसहा मीटरवरून तीन मीटरवर आली आणि पाव लहरीचा अँटेना दीड मीटरहून पाऊण मीटरचा झाला. गाडीला तो सोयीचा ठरला.

पेटंटांवरून आरसीएसारख्या बड्या कंपनीशी खटले सुरू झाले. पैसा संपला, संसार मोडला. १९५४ च्या हिवाळ्यात, ६३ व्या वर्षी, त्यांनी आयुष्य संपवले.

पत्नी मॅरियन यांनी आरसीएशी तडजोड केली, पण बाकीचे खटले सोडले नाहीत. शेवटचा १९६७ मध्ये जिंकला. तो होता मोटोरोलाविरुद्ध, जिचे नावच गाडीतल्या रेडिओवरून पडले होते.