ताराबाई शिंदे : लेखनाची भाषा आणि लिंगभेद

प्रस्तावना

स्त्रीच्या लेखनाची भाषा हळवी व घरगुती, तर पुरुषाची तर्कनिष्ठ व भारदस्त, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो कितपत खरा आहे, हे ताराबाई शिंदे यांच्या चरित्राच्या आधारे तपासू.

जीवन

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाणा येथे एका मराठा कुटुंबात झाला. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीस होते व सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. मुलींना शाळा दुर्मीळ असण्याच्या त्या काळात त्यांनी लेकीला घरीच मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. विवाहानंतरही ताराबाई माहेरीच राहिल्या. पती घरजावई होते. त्यांना अपत्य झाले नाही.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून सबंध स्त्रीजातीच्या चारित्र्यावर टीका होऊ लागली. तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध लिहिला. तो १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, हा त्याचा गाभा होय.

निबंधावर कठोर टीका झाली. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची पाठराखण केली. तथापि त्यांचे दुसरे पुस्तक निघाले नाही. पुढे हा निबंध विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशात आणला.

भाषेचे स्वरूप

त्या काळी मराठी निबंधाचा मानदंड होता विष्णुशास्त्री चिपळूणकरांची १८७४ पासूनची ‘निबंधमाला’. संस्कृतप्रचुर शब्द आणि इंग्रजी वळणाची लांब, बांधेसूद वाक्ये ही तिची ओळख. ताराबाईंच्या गद्यात बोलीचा ठसका, म्हणी, घरसंसारातील दाखले आणि पुरुषांना थेट उद्देशून केलेले प्रश्न आहेत. त्याच गद्यात पुराणकथांची चिकित्सा व धर्मशास्त्राची उलटतपासणीही आहे. म्हणजे तर्क आणि ठसका एकाच लेखणीतून उतरले आहेत. आपली भाषा कडक आहे याची जाणीव त्यांना होती; प्रस्तावनेत त्यांनी त्याबद्दल वाचकांची क्षमाही मागितली. अशी क्षमा मागावी लागणे, हाच येथील खरा लिंगभेद होय. वादविवादाची कठोर भाषा पुरुषाला शोभते आणि स्त्रीला शोभत नाही, असा संकेत समाजाने घालून दिलेला होता.

व्याकरण आणि शैली

लेखकाचे लिंग मराठीच्या व्याकरणातही उमटते. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांतील भेद क्रियापदच सांगते. मात्र ‘मी पत्र लिहिले’ किंवा ‘मी जाईन’ यांत तो दिसत नाही. सिरोंचा परिसरातील विद्यार्थ्यांना याची तुलना सहज करता येईल, कारण तेथे मराठीच्या शेजारी तेलुगूही बोलली जाते. तेलुगूत प्रथमपुरुषी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग दर्शवीत नाही. तेव्हा व्याकरणातील लिंगभेद भाषेगणिक बदलतो. शैलीतील भेद मात्र शिक्षण, वाचन आणि बोलण्याची मुभा कोणाला किती मिळाली यावर ठरतो. घरीच का होईना, शिक्षण मिळाल्यामुळे ताराबाईंना लेखणी उचलता आली. त्यांच्या अनेक समकालीन स्त्रियांची भाषा कागदावर उतरलीच नाही.

स्वाध्याय

१. ताराबाईंच्या भाषेची दोन वैशिष्ट्ये सांगून ती ‘निबंधमाले’च्या भाषेहून कशी वेगळी आहेत ते स्पष्ट करा.

२. आपल्या गावातील एका स्त्रीने व एका पुरुषाने एकाच विषयावर लिहिलेले अर्ज त्यांच्या संमतीने मिळवा. त्यांतील वाक्यरचना, विनंतीचे शब्द व क्रियापदे यांची तुलना करा. आढळलेला भेद लिंगामुळे आहे की शिक्षणामुळे, याचा विचार करून दहा ओळी लिहा.