गेममधले हिट पॉइंट आले कुठून?

गेममध्ये मार बसला की हिट पॉइंट घटतात. या कल्पनेचं मूळ प्रशियाचा तोफखाना अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ (1794-1827) याच्याकडे जातं. वडिलांचा युद्धखेळ सुधारून त्याने 1824 मध्ये नियम छापले. समजा, हसनाबादच्याच जालना जिल्ह्यातली असईची लढाई (1803) पटावर मांडली. एका तडाख्यात पलटण संपत नाही. फासा टाकायचा, तक्ता बघून तिचे गुण कमी करायचे, फारच घटले की सोंगटी उचलायची. सैन्याने खेळ स्वीकारला, पण तीनच वर्षांत राइसविट्झने स्वतःचं आयुष्य संपवलं. 1974 च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये असेच गुण एकेका वीराला मिळाले. तिथे ते नुसत्या जखमा मोजत नाहीत. कौशल्य, दम आणि नशीब धरून तो अजून किती टिकेल, हे सांगतात.