मळ्यातले वारकरी श्रीसावतोबा
माढे तालुक्यातील अरण गावी सन १२५० मध्ये श्रीसावतोबांचा जन्म झाला. वडील परसोबा, आई नांगिताबाई. आजोबा दैवू माळी पंढरीचे नेमाचे वारकरी. घरात अशी वारी असून महाराज मात्र मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, असे परंपरा सांगते.

ज्याने मळा केला आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. मोटेचे पाणी पाटाने आले, की एक वाफा भरताच दारे मोडून ते दुसऱ्यात घ्यावे लागते. दारे धरणारा जरा हलला, की भरलेला वाफा फुटतो नि पुढचा कोरडा राहतो. कांद्याचे रोप आधी उंच गादीवाफ्यावर टाकायचे, मग उपटून लावायचे. मेथी-कोथिंबिरीची खुरपणी निराळीच. ज्वारीसारखे पेरून गावाला जाता येत नाही हो! (मिरची तेवढी त्या मळ्यात नव्हती, ती पुढे पोर्तुगीजांबरोबर आली.) हातात खुरपे, मुखी नाम, हीच त्यांची वारी.

पत्नी जनाबाई भेंडची. एकदा माहेरची माणसे आली, तर महाराज भजनात दंग. पाहुण्यांकडे लक्षच नाही. बाई रागावली. आमच्या मते तिचे काही चुकले नाही. महाराजांनी गोड बोलून तिची समजूत घातली.

त्यांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले. आज सदतीसच मिळतात. आषाढ वद्य १४, शके १२१७ (सन १२९५) रोजी महाराज समाधिस्थ झाले. आषाढीला सर्व संतांच्या पालख्या पंढरीस येतात. अरणची पालखी येत नाही. देवाचीच पालखी सावतोबांच्या भेटीला अरणास जाते.